जाळी काढू नका, काका

काकांच्या हातात पीयूसीची चिठ्ठी आहे आणि ते ती पुन्हा पुन्हा वाचताहेत. कार्बन मोनॉक्साइड ०.९ टक्के. बीएस-४ किंवा त्यानंतरच्या पेट्रोल गाडीला आयडलिंगवर ०.३ टक्क्याची मर्यादा आहे, म्हणजे थेट तिप्पट. हायड्रोकार्बनची मर्यादा २०० पीपीएम, तीही ओलांडलेली. पंपावरच्या मुलाने नळी बाहेर काढली, मान हलवली आणि "अंकल, गाडी दिखवा लो" एवढंच म्हटलं, असं काका सांगतात.

विजय नगर चौकाच्या मागून देवास नाक्याकडे जाताना आत वळणाऱ्या एका गल्लीत आम्ही उभे आहोत. मागे ए. बी. रोडचा आवाज अखंड चालू आहे. कोपऱ्यावर पोह्यांच्या पातेल्यातून वाफ निघतेय, शेजारच्या कढईत जिलबी पडतेय, आणि त्या वासात इथला इंजिन ऑइलचा वास मिसळतोय. पत्र्याच्या शेडखाली तीन गाड्या आहेत. पहिली काकांची, २०१८ ची पेट्रोल हॅचबॅक. दुसरी एका तरुणाची, टर्बो पेट्रोल, काळ्या काचांची. तिसऱ्या गाडीचं इंजिनच खाली उतरवलेलं आहे.

काका आमच्या शेजारचे, बँकेतून निवृत्त झालेले. गेले काही महिने गाडी चढावर दम टाकते, पेट्रोल जास्त खाते आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा पेटतो. कधी स्थिर, कधी लुकलुकता. एका वर्कशॉपने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलायला सांगून पाच आकडी खर्चाचा कागद हातात दिला. कुणीतरी ओळखीच्याने सांगितलं, कशाला एवढे पैसे घालवता, कन्व्हर्टरची जाळी काढून टाका, गाडी पळायला लागेल. त्यासाठीच आज ते इथे आलेत.

गॅरेजचे उस्ताद पन्नाशीचे. ते हिंदीत बोलतात, काका मराठीत उत्तर देतात, आणि इंदुरात हे कुणालाच खटकत नाही.

"जाली निकालने का बोल रहे हो, भाईसाहब," उस्ताद म्हणतात, "पर मरी क्यों, वो तो देखें."

बॉनेट वर जातं. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये स्कॅनरची वायर बसते आणि टॅबलेटवर दोन कोड उमटतात. पी-०४२०, म्हणजे कन्व्हर्टरची कार्यक्षमता ठरलेल्या पातळीखाली. आणि पी-०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. उस्ताद पहिल्या कोडवर बोट ठेवतात आणि सोडून देतात. दुसऱ्यावर ठेवलेलं बोट मात्र तिथेच राहतं.

मग ते दोन ऑक्सिजन सेन्सरचे आलेख लावतात. एक सेन्सर कन्व्हर्टरच्या आधी असतो, एक नंतर. आधीचा ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वरखाली होत राहतो, कारण गाडीचा संगणक पेट्रोल क्षणभर वाढवतो, क्षणभर कमी करतो आणि सरासरी, शुद्ध पेट्रोलच्या हिशेबात, १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल इथे धरून ठेवतो. कन्व्हर्टर जिवंत असेल तर नंतरच्या सेन्सरची रेघ जवळजवळ सपाट दिसते, कारण मधला सेरियमचा लेप प्राणवायू साठवून हवा तेव्हा सोडत असतो. काकांच्या गाडीत दोन्ही रेघा एकसारख्या नाचताहेत. काका चष्मा वर करून बघतात. त्यांना समजलंय.

उस्ताद तिसऱ्या सिलिंडरची इग्निशन कॉइल काढून दुसऱ्यावर बसवतात, दुसरीची तिसऱ्यावर. गाडी चालू. इंजिन थरथरतंय. मिनिटभराने स्कॅनरवर पी-०३०२. दोष कॉइलबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर सरकलाय, म्हणजे कॉइलच खराब. तिसरा प्लग बाहेर येतो तो काळा आणि ओला, नाकाजवळ नेला की कच्च्या पेट्रोलचा वास. काका हळूच विचारतात, "हे ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे तर नाही?" आजकाल प्रत्येक दुखण्याचं खापर ई-२० वर फुटतं. उस्ताद मान हलवतात. तीन प्लग कोरडे आणि तपकिरी, एकच ओला. पेट्रोलचा दोष असता तर चौघांना सारखा असता.

इथे मला थांबून सांगावंसं वाटतं, कारण बहुतेक गाडीवाल्यांना हे कुणी सांगत नाही. कन्व्हर्टर आपोआप क्वचितच मरतो. त्याला दुसरं काहीतरी मारतं. सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही की न जळलेलं पेट्रोल आणि न वापरलेली हवा दोन्ही एक्झॉस्टमध्ये जातात आणि तापलेल्या कन्व्हर्टरच्या आत पेटतात. तो एरवी चारशे ते आठशे अंश सेल्सियसमध्ये सुखाने काम करतो. आतली सिरॅमिकची वीट कॉर्डिएराइटची असते, ती साधारण १४५० अंशांना वितळते. आत पेट्रोल जळत राहिलं की तापमान तिकडेच चढायला लागतं. पिवळा दिवा लुकलुकतो तो नेमका हेच सांगण्यासाठी. स्थिर दिवा म्हणजे सवडीने दाखवा. लुकलुकणारा दिवा म्हणजे मिसफायर चालू आहे आणि कन्व्हर्टर आत्ता जळतोय. काकांच्या गाडीत तो महिनोन्महिने लुकलुकलाय.

इंजिनात रिंगा झिजून ऑइल जळत असेल, तरी त्याची राख जाळीवर बसते. या दोन्ही रोगांत जुना कन्व्हर्टर फेकून नवा बसवला आणि मूळ दुखणं तसंच ठेवलं, तर नवाही त्याच वाटेने जातो. म्हणून कॉइल न तपासता कन्व्हर्टरचा खर्च लिहून देणारा कागद मला काकांच्या पिशवीत पाहवत नाही.

आता प्रेशर. उस्ताद पुढचा ऑक्सिजन सेन्सर खोलतात आणि त्याच भोकात एक छोटा गेज बसवतात. आयडलिंगला दीड पीएसआयच्या आत काटा हवा, अडीच हजार आरपीएमला तीनच्या आत. शागीर्द ॲक्सिलरेटर दाबतो. काटा तीन ओलांडतो, चार, पाचाच्या जवळ थरथरत थांबतो. इंजिनाला श्वास सोडता येत नाहीये. चढावरचा दम इथून लागतोय.

"चोक है," उस्ताद म्हणतात.

या गाडीत कन्व्हर्टर इंजिनाला अगदी खेटून, एक्झॉस्ट मॅनिफोल्डलाच जोडलेला आहे. गाडी सुरू झाल्यावर तो लवकर तापावा म्हणून अशी रचना करतात, कारण अडीचशे-तीनशे अंशांच्या खाली तो जवळपास काहीच करत नाही. सकाळी पहिल्या दोन मिनिटांत निघणारा धूर म्हणूनच सर्वांत घाणेरडा. वरची पत्र्याची ढाल निघते. गंजलेल्या नटांवर तेल मारलं जातं, थोडा वेळ जातो, लांब पान्याला आणखी एक नळकांडं जोडून जोर लावला जातो. शेवटी ते धूड बाहेर येतं आणि लाकडी बाकड्यावर पडतं.

उस्ताद एका टोकाला टॉर्च धरतात आणि काकांना दुसऱ्या टोकाने बघायला सांगतात. मग मीही बघतो. मधाच्या पोळ्यासारखी बारीक चौकोनी नळ्यांची वीट, एका चौरस इंचात साधारण चारशे नळ्या. अर्ध्या भागातून प्रकाशाचे ठिपके येताहेत. उरलेला अर्धा काचेसारखा चकाकणारा गोळा झालाय.

या नळ्यांच्या भिंतींवर ॲल्युमिनाचा खडबडीत थर असतो आणि त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचे डोळ्यांना न दिसणारे कण. सगळं मिळून काही ग्रॅम. पहिले दोन कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल जाळून त्यांचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करतात. ऱ्होडियम नायट्रोजन ऑक्साइडमधला प्राणवायू तोडून साधा नायट्रोजन मोकळा करतं. पुरेसा तापलेला, चांगला कन्व्हर्टर या तिन्ही विषांतला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग इथेच संपवतो. फ्रान्समध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले इंजिनिअर यूजीन हूद्री यांनी लॉस एंजेलिसचं धुरकं पाहून १९५० च्या दशकात यावर काम सुरू केलं आणि पेटंट मिळवलं. पण तेव्हाच्या पेट्रोलमध्ये शिसं असे आणि शिसं हा लेप कायमचा मारून टाकतं. त्यामुळे तिकडेही सर्रास वापर सुरू व्हायला १९७५ साल उजाडलं. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्याबरोबरच तिथे शिसंविरहित पेट्रोल आलं. देशभरातून शिसं गेलं ते फेब्रुवारी २००० मध्ये.

काकांना यावरून आठवतं. त्यांच्या धाकट्या भावाने तेव्हा मुंबईत नवी गाडी घेतली होती, पेट्रोलच्या झाकणावर 'फक्त अनलेडेड' लिहिलेली. दिवाळीला गाडीने इंदूरला यायचं ठरलं होतं, पण वाटेत तसं पेट्रोल मिळेल याची खात्री नव्हती. "शेवटी सगळे अवंतिका एक्सप्रेसने आले," काका म्हणतात. जाळी खराब होऊ नये म्हणून नवी गाडी घरी ठेवून लोक रेल्वेने आले, ही गोष्ट मला या गॅरेजात ऐकायला फार बरी वाटते.

टर्बो गाडीचा तरुण इतका वेळ ऐकत उभा आहे. तो आता जवळ येतो. त्याला डीकॅट, म्हणजे कन्व्हर्टर नसलेला, डाउनपाइप बसवायचाय आणि त्यावर रीमॅप मारायचाय, म्हणजे इंजिनाच्या संगणकाची सेटिंग बदलायचीय. ताकद वाढते, असं तो म्हणतो, आणि त्यात खोटं काही नाही. टर्बो इंजिनात टर्बोच्या पुढचा अडथळा कमी झाला आणि रीमॅप केलं, तर ताकद खरोखर वाढते. साध्या, बिनटर्बोच्या गाडीत मात्र निरोगी कन्व्हर्टर काढून पायाला जाणवेल असा फायदा मिळत नाही. चोक झालेला काढला की गाडी पळते आणि लोकांना वाटतं, जाळीच नडत होती. नडत होती ती वितळलेली जाळी.

"मग दोनशे सेलचा हाय-फ्लो लावतो ना, काका," तरुण काकांना म्हणतो. "जाळी पण राहील, गाडी पण पळेल." हे अपग्रेड म्हणून विकलं जातं. धातूच्या पत्र्याची जाळी, चौरस इंचात चारशेऐवजी दोनशे नळ्या. नळ्या मोठ्या, वारा मोकळा. पण नळ्या कमी म्हणजे धूर आणि लेप यांची गाठ पडायला जागाही कमी. गाडीचं इंजिन, त्याचा संगणक आणि त्याचा कन्व्हर्टर हे तिन्ही एकत्र तपासले जातात, पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत रोलरवर गाडी चालवून, आणि त्यावरच त्या मॉडेलला विक्रीची परवानगी मिळते. बाजारातून आणलेल्या डब्याची त्या गाडीबरोबर अशी तपासणी कुणी केलेली नसते. आमच्या इंदूरपासून जवळच, पीथमपूरला, नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झालाय. गाडीची ताकद जोखायला तसली जागा लागते. विजय नगरच्या सिग्नलला वाढलेले वीस घोडे कुठे पळवणार, हे मी त्याला विचारतो. तो हसतो, पण उत्तर देत नाही.

शागीर्द तेवढ्यात खणातून एक पितळी स्पेसर काढून बाकड्यावर ठेवतो. जाळी ठोकून काढायची, रिकामं खोकं परत बसवायचं, मागचा सेन्सर या स्पेसरवर चढवून धुराच्या प्रवाहातून बाहेर ओढायचा. संगणकाला सगळं ठीक दिसतं, दिवा विझतो. खर्च दोन हजारांच्या आत. काका स्पेसर हातात घेऊन बघतात. निवृत्त माणसाला पाच आकडी आणि चार आकडी रकमांमधला फरक कळतो. मला त्यांचा राग येत नाही.

पण दिवा विझवणारा स्पेसर धूर विझवत नाही. पीयूसीची नळी सेन्सरला विचारत नाही, ती थेट धूर मोजते. जाळीशिवाय ०.३ टक्क्याच्या खाली येणं चांगल्या इंजिनालाही अवघड. मग माणूस नळी न लावता चिठ्ठी देणारी जागा शोधायला लागतो. आणि कायदा आता सैल राहिलेला नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून गाडीत बदल करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १८२-ए आलं. परवानगीशिवाय बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. प्रदूषणाच्या मर्यादा मोडल्या तर कलम १९० खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने लायसन्स बाद. काका कलमं ऐकून घेतात. बँकेतल्या माणसाला कलमाचा आदर असतो.

मी त्यांना कायद्यापेक्षा दुसरं सांगतो. मघाशी चौकातल्या लाल सिग्नलला आम्ही उभे होतो, तेव्हा गाडीच्या मागच्या बाजूला स्कूटीवर एक बाई होती आणि तिच्यापुढे शाळेच्या गणवेशातलं पोर उभं होतं. त्याचं नाक आमच्या सायलेन्सरपासून फार दूर नव्हतं. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. न जळलेल्या पेट्रोलात बेंझिन असतं, त्याने कॅन्सर होतो. नायट्रोजन ऑक्साइड उन्हात ओझोन तयार करतं. मेट्रोच्या खांबांमुळे इथला रस्ता अरुंद झालाय आणि गाड्या खोळंबून उभ्या राहतात. याच शहराने 'रेड लाइट ऑन, इंजन ऑफ' म्हणत चौकाचौकांत लोकांना गाड्या बंद करायला सांगितलं. २०१७ पासून स्वच्छ शहरांत सतत पहिला नंबर घेतला, दहा लाखांवरच्या शहरांच्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये पहिलं आलं. आपण घरी ओला कचरा वेगळा, सुका वेगळा ठेवतो, कचरागाडीचं गाणं ऐकू आलं की धावत खाली जातो. त्याच घरातली गाडी रिकामं खोकं लावून फिरली, तर त्या मेहनतीचा काय उपयोग?

काका काही बोलत नाहीत. स्पेसर बाकड्यावर ठेवतात.

उस्तादांना मी विचारतो, रोज किती जण जाळी काढायला येतात. ते आकडा सांगत नाहीत. डिझेलवाले डीपीएफ, म्हणजे काजळीचा फिल्टर, काढायला येतात, पेट्रोलवाले जाळी काढायला, एवढंच म्हणतात. मग एक गोष्ट मोकळेपणाने सांगतात, ती मला महत्त्वाची वाटते. काढलेली जाळी फुकट जात नाही. भंगारवाला ती चांगल्या भावाने उचलतो. मार्च २०२१ मध्ये ऱ्होडियमचा भाव औंसाला २९,००० डॉलरच्या आसपास गेला होता, त्या सुमाराला महाराष्ट्रात आणि गुजरातेत मारुतीच्या ईको गाड्यांचे सायलेन्सर रातोरात चोरीला जायला लागले. चोर आतली 'माती' काढून घ्यायचे. पोलिसांनी टोळ्या पकडल्या. भाव आता त्या शिखरावर नाहीत, पण जाळीला किंमत आहेच. म्हणून कुणी मेकॅनिक फार आग्रहाने म्हणाला, "निकलवा दो, भिया," तर त्या आग्रहात त्याचाही हिशेब असू शकतो. गिऱ्हाईक मजुरी देऊन जातं आणि गाडीतली एक महाग वस्तू मागे ठेवून जातं.

काकांचा निर्णय होतो. आधी कॉइल आणि चारही प्लग. मग कंपनीचा मूळ कन्व्हर्टर, ऑर्डर देऊन. जुना तुकडा उस्ताद धातू वेगळा करणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याकडे देतील आणि त्याची रक्कम बिलातून वजा करतील, हे काका कागदावर लिहून घेतात. तरीही बिल पाच आकडीच राहतं. ते स्वस्त पडलं, असं मी म्हणणार नाही. कॉइल वेळेवर बदलली असती तर सगळा खर्च त्या कॉइलपुरता राहिला असता.

तरुण अजून घुटमळतोय. उस्ताद त्याला सांगतात की डीकॅट ते बसवणार नाहीत, पाहिजे तर दुसरीकडे जा. मग त्याचं एअर फिल्टर बघायला बॉनेट उघडतात. ते धुळीने पार भरलेलं आहे. तरुण ते बदलून घेतो. डाउनपाइपचा विचार त्याने सोडलाय की नाही, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत नाही.

काही दिवसांनी नवा भाग बसतो आणि आम्ही त्याच पंपावर जातो. गाडी आधी बायपासपर्यंत फिरवून आणलेली आहे, म्हणजे जाळी तापलेली आहे. मुलगा नळी आत सरकवतो. स्क्रीनवरचे आकडे खाली येत राहतात. कार्बन मोनॉक्साइड ०.०२. हायड्रोकार्बन दोन आकडी. काका चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवतात.

माझं मत साधं आहे आणि ते मी गाडी असलेल्या प्रत्येकाला सांगू इच्छितो. कन्व्हर्टर काढू नका, कुणी फुकट काढून देत असलं तरी. बदलायचाच असेल तर त्याच मॉडेलला मंजूर असलेला घ्या, पण आधी तो कशाने मेला ते शोधायला लावा. कोड, दोन सेन्सरचे आलेख आणि प्रेशर गेजचं रीडिंग स्वतः बघा. जुना तुकडा किंवा त्याचे पैसे मागून घ्या. आणि डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लुकलुकताना दिसला, तर ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका करा आणि त्याच दिवशी जवळचं गॅरेज गाठा.